हौदातले जव

हौदावर पहिल्या दिवशी काही उचलायचं नाही, हे मला लग्न झाल्या झाल्याच शिकवलं गेलं. समोरच्यांनी कितीही चांगला माल ठेवलेला असो, बघूनच हात शिवशिवावेत असा असो, आपण चेहरा पाडायचा, मान हलवायची आणि दार लावून घ्यायचं. चेहरा कोणासाठी पाडायचा ते मला कधी कळलं नाही, कारण बघायला तिथे कोणीच नसे. पण मामंजी पाडत, म्हणून मीही पाडायची.

आम्ही बुटके. म्हणजे खाली सपाटीवरचे उंच लोक आम्हाला बुटके म्हणतात. आम्ही स्वतःला माणसंच म्हणतो, आणि ते आमच्याकडे आले की त्यांची कपाळं आमच्या चौकटींवर आपटतात ते मजेत बघतो. त्यांना हे माहीत नाही की बुटके दोन तऱ्हेचे आहेत. आम्ही बाहेरचे, डोंगराच्या उतारावर घरं बांधून राहणारे. आणि दुसरे आतले, डोंगराच्या पोटात राहणारे. कधीकाळी सगळे आतच होतो. मग आत तापाची साथ आली, निम्मे बाहेर पडले, निम्मे राहिले आणि मधलं दार लागलं. आमचे लोक सांगतात, त्यांनी आम्हाला हाकललं. ते काय सांगतात कोण जाणे. तेव्हापासून दोन्हीकडची माणसं एकमेकांशी एक शब्दही बोललेली नाहीत. बहुतेक तेही दोष आमच्याच नावाने सांगत असणार.

बोलणं तुटलं, पण पोट थोडंच तुटतं? त्यांना धान्य आणि मीठ लागायचं, आम्हाला लोखंड. म्हणून हौदाची खोली. तो जुना दगडी हौद, पूर्वी त्यात खनिज धूत. खोलीला समोरासमोर दोन दारं, एक त्यांच्याकडे उघडणारं, एक आमच्याकडे. आमचं दार म्हणजे आमच्या घराच्या मागच्या खोलीची भिंत. माझ्या नवऱ्याच्या घराण्याकडे हौदाची राखण पिढ्यानपिढ्या आहे, आणि त्याचा तोरा काय वर्णावा! नवरा गाड्या घेऊन सपाटीवर लोखंड विकायला गेलेला असे, त्यामुळे राखण म्हणजे मी आणि मामंजी.

पद्धत अशी. हौदाच्या मध्यावर एक रेघ कोरलेली आहे. रेघेच्या अलीकडे आम्ही आमची पोती ठेवायची, दार लावायचं, आमच्या खोलीत टांगलेल्या लोखंडी पत्र्यावर एक ठोका द्यायचा. मग ते त्यांच्या दाराने येत, रेघेच्या पलीकडे त्यांचा माल ठेवत, परत जात, आणि त्यांच्या पत्र्यावर एक ठोका देत. तो ऐकू आला की आम्ही आत. माल पसंत असेल तर त्यांचा उचलायचा. तो उचललेला दिसला की ते आमचा उचलणार, आणि सौदा पुरा. पसंत नसेल तर कशालाच हात न लावता परत फिरायचं. त्याचा अर्थ एवढाच की कमी पडतंय, भर घाला. आणि ते भर घालत. म्हणून तर आमचे शहाणे पहिल्या दिवशी काही उचलत नसत. फुकटात चार कानशी जास्त मिळत असतील तर चेहरा पाडायला काय जातं!

खोलीत बोलायचं नाही, हा दुसरा नियम. आणि आमच्या दाराचा लोखंडी अडसर मुद्दाम असा घडवलेला, की दोन माणसांशिवाय उचलला जाऊ नये. एकट्यादुकट्याला मोह होऊ नये म्हणून. ज्याने तो घडवला त्याला मी रोज मनातल्या मनात शिव्या घालते.

त्या हिवाळ्यात माझा मुलगा अंगावर पीत होता. तेव्हापासूनच आतला माल बिघडायला लागला. कानशींवर तांब चढलेली. आतल्यांच्या लोखंडावर तांब? आमचं एक वेळ गंजेल, त्यांचं नाही. ती माणसं एकेक पातं तेलाच्या फडक्यात बाळासारखं गुंडाळून ठेवणारी. पुढच्या खेपेला खिळे ओले आले. त्यांच्या दाराच्या खालून पाण्याचा एक ओघळ आला होता आणि हौदाच्या पायाशी थांबला होता.

मी बाहेर आल्यावर म्हटलं, "मामंजी, आत काहीतरी झालंय. पाणी शिरलंय बहुतेक."

"आळशी झालेत," मामंजी म्हणाले. "माल गंजका, तर धान्यही कमी. उद्या एक पोतं काढून घेऊ."

आणि खरंच काढलं. गल्लीत वजनकाटा घेऊन बसणारा मापाडी, जो सगळ्या उताराचा पंच म्हणूनही मिरवायचा, त्याने मामंजींच्या पाठीवर थाप मारली. असा राखणदार दुसरीकडे मिळणार नाही, म्हणाला.

त्यानंतरची खेप. आम्ही जवाची दोन पोती ठेवून ठोका दिला. सकाळी त्यांचा ठोका आला. अडसर काढून आम्ही आत गेलो, तर पलीकडे लोखंड नव्हतंच. एक गाठोडं होतं, लोकरीचं. मी दिवा पुढे धरला आणि गाठोडं हललं.

आत मूल होतं. दोनचार महिन्यांचं, माझ्या मुलाएवढंच. डोळे उघडे, आणि त्या दिव्याने ते मिटून घेतले. रडलं नाही. मी हात पुढे केला तर मामंजींनी माझं मनगट धरलं, इतकं जोरात की दिव्यातलं तेल सांडलं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, नेहमीसारखी. आणि चेहरा पाडला. देवाशपथ, पाडला. मला ओढतच बाहेर आणलं, दार ढकललं. अडसर उचलायला दोघं लागतात, पण पाडायला एक पुरतो.

दार लागल्यावर ते रडायला लागलं.

माझं दूध भरून आलं, चोळी भिजली. मी मामंजींना काय काय बोलले ते सासरच्या माणसाला कोणी बोलत नाही. गल्ली जमा झाली. मापाडी आला, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि नाकपुडी खाजवली.

"वहिनी, नीट विचार करा," तो म्हणाला. "हौदात ठेवलेली वस्तू उचलली म्हणजे काय केलं? विकत घेतली. आपण काय पोरं विकत घेणारे आहोत का?"

"मग मोबदला न देता उचला."

"ती चोरी झाली."

"आणि न उचलता ठेवलं तर?"

"तर ते लोक येऊन घेऊन जातील. आपलं मूल कोणी टाकून देतं का?" तो म्हणाला, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण हे ऐकायला सगळ्यांना बरं वाटत होतं. मग हळूच म्हणाला, "शिवाय तापाचं काय? आपल्या घरात लहान आहे ना?"

माझ्या पाळण्यातल्या पोराचं नाव काढलं की मी गप्प बसणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मी गप्प बसले नाही, पण अडसराचं दुसरं टोक धरायला एकही हात पुढे आला नाही. मी शेजारणीला हाक मारली, माझ्या बाळंतपणात माझ्या उशाशी बसलेलीला. तिने पदर तोंडाला लावला आणि ती घरात गेली. आतलं रडणं थोड्या वेळाने थांबलं. बघा, नेलं त्यांनी, असं मापाडी म्हणाला आणि सगळे आपापल्या कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठोका आला. या वेळी अडसर उचलायला मामंजींनीच घाई केली. मला वाटतं, नेलं असेल अशी त्यांना खरंच आशा होती.

नेलं नव्हतं. पहिलं गाठोडं होतं तिथेच होतं. त्याच्या शेजारी दुसरं गाठोडं ठेवलेलं. आणि दोन्हींच्या भोवती हातोडे. लहान, मोठे, घणसुद्धा, दांडे हाताच्या घामाने काळे झालेले. लोहार मेला तर त्याचा हातोडा त्याच्याबरोबर जातो, तो कोणी देत नाही, विकत नाही. त्यांनी घराघरांतले गोळा करून आणले असणार. आम्ही कशाला हात लावला नव्हता ना? मग त्यांना कळलं ते हेच, की एक मूल कमी पडलं. म्हणून त्यांनी भर घातली.

पहिलं मूल निळं पडलं होतं. मुलगा होता.

दुसरं गाठोडं एका जाड वेणीने बांधलेलं होतं. काळ्या, राठ केसांची वेणी. माझी आजी सांगायची, आत अजून बायका दाढी राखतात. आमच्या बायकांनी केव्हाच सोडलं ते, सपाटीवरचे हसतात म्हणून. आम्ही रोज सकाळी वस्तरा फिरवतो आणि त्याला टापटीप म्हणतो. आजी म्हणायची, आतली बाई दाढी कापते ती एकदाच, पुन्हा वाढायची वाट बघायला आपण नसणार हे कळतं तेव्हा. ही वेणी मुळापासून कापलेली होती.

मामंजींनी पुन्हा माझं मनगट धरलं. मी त्यांच्या हाताला चावले. आणि दोन्ही पोरं उचलली, जिवंत आणि मेलेलं, आणि त्या खोलीत, जिथे कोणी कधी बोललं नव्हतं, त्यांच्या दाराकडे तोंड करून मी ओरडले, "घेतलं! मी घेतलं!" पलीकडे ऐकू गेलं की नाही मला माहीत नाही. दगड जाड आहे.

मी बाहेर आले, मामंजींनी अडसर पाडला आणि त्यावर बसले. मी दुसऱ्या पोराला अंगाशी लावलं. मुलगी होती. आधी तिला ओढताच येईना. मग यायला लागलं आणि ती सोडेना. माझा मुलगा पाळण्यात बोंब मारत होता. मार म्हटलं, तुझं काही अडत नाही.

दुपारी पत्रा वाजायला लागला.

एक ठोका नाही. एकामागून एक, न थांबता. अवेळी वाजलेल्या पत्र्याला ओ द्यायची नाही, असंही एक कलम आहेच आमच्यात. गल्ली पुन्हा गोळा झाली. कोणी म्हणालं, पोरगी परत मागतायत. कोणी म्हणालं, दार उघडायला लावायचा डाव आहे. दाराच्या फटीतून पाणी येऊन मामंजींच्या पायाखाली पसरत होतं, ते मात्र कोणाला दिसत नव्हतं.

"ते त्यांच्या दारामागे उभे आहेत," मी म्हटलं. "माल ठेवला, ठोका दिला, आणि मागे होऊन आपल्या उत्तराची वाट बघतायत. नियमाने! बुडत असतानासुद्धा नियमाने! उठा मामंजी."

"सूनबाई, ते शेकड्याने असतील," मामंजी म्हणाले. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. "ताप असेल. काय असेल कोणाला ठाऊक? सगळा उतार मरेल."

मी अडसराच्या एका टोकाखाली खांदा लावला. ते टोक वर आलं, दुसरं आलं नाही. मी पाय रोवून पुन्हा लावला. लोक बघत होते. एवढे खांदे होते तिथे, रोज घण मारणारे, आणि एकाला जागचं हलावंसं वाटलं नाही. मग मला एकटीला जमण्यासारखं एकच काम उरलं होतं. मी आमच्या पत्र्यापाशी गेले आणि त्यावर एक ठोका दिला.

आतलं वाजणं थांबलं. आणि मग पलीकडून, अगदी शिस्तीत, एक ठोका आला. सौद्याचा असतो तसा. आम्ही मागे झालोय, आता तुम्ही या.

दोघांचं काम होतं ते, आणि मी एकटी होते. अडसराला धडका मारल्या, माझा खांदा त्या दिवसापासून नीट वर जात नाही. थोड्या वेळाने पत्रा पुन्हा वाजायला लागला, पण आवाज बदलला होता. भांडं पाण्यात धरून वाजवलं तर येतो तसा, बद्द. मग तोही येईना. लोक एकेक करून निघून गेले. मापाडी जाताना म्हणाला, "चला, थांबलं एकदाचं." मी त्याच्या अंगावर पायातला जोडा फेकला.

नवरा परतला तेव्हा त्याने पहिल्यांदा बापाला विचारलं, मग मला, आणि मग घण घेऊन हौदाच्या खोलीत गेला. अडसराचं दुसरं टोक त्या दिवशी मामंजींनी स्वतःहून धरलं. आत आमची पोती होती तशीच होती, हातोडे होते तसेच. आतल्यांच्या दाराला नवऱ्याने कान लावला. दगड थंडगार, घाम फुटल्यासारखा ओला. ते फोडलं असतं तर मागचं पाणी सगळा उतार धुऊन घेऊन गेलं असतं. मापाडीही तेच म्हणाला, आणि तेवढं मात्र तो खरं बोलत होता. नवऱ्याने घण खाली ठेवला.

मेलेल्या पोराला आम्ही घरामागे पुरलं. आतले लोक आपली माणसं कशी ठेवतात मला माहीत नाही. मी त्याच्या उशाशी एक लहान हातोडा ठेवला.

मुलगी वाढली. गोरी फटक, उन्हात डोळे बारीक करणारी, आणि हट्टी तर अशी की माझीच शोभावी. तिला ताप आला नाही, कोणालाच आला नाही. मामंजी त्या दिवसानंतर फारसे बोलले नाहीत. त्यांनी राखण सोडली नाही, पण माझ्याशी भांडायचं सोडलं. जव जुने झाले, त्यांना कीड लागायला लागली, की मी नवी पोती घेऊन दाराशी जायची, आणि मी न बोलावता ते येऊन अडसराचं दुसरं टोक धरायचे. पोती बदलायची, हातोड्यांना तेल लावायचं, पत्र्यावर ठोका द्यायचा, थांबायचं. डोंगर मोठा आहे. वर कुठेतरी कोरडी जागा असेल, कोणी वाचलं असेल, आणि वाचलेल्याला भूक लागते. कोणी आलंच तर त्याला किडके जव मिळू नयेत.

मापाडी मला हसायचा. वहिनी उंदीर पोसतात, म्हणायचा.

पोरीचे दुधाचे दात पडायला लागले तशी तिच्या हनुवटीवर लव दिसायला लागली. आतल्यांच्यात लवकर येते बहुतेक. माझा वस्तरा मी तिच्यापासून लांब ठेवला. पण गल्लीतल्या पोरांनी बघायचं ते बघितलं. एक दिवस ती कोपर सोलून घरी आली.

"मला हौदातली म्हणतात," ती म्हणाली. "कितीला पडलीस, विचारतात."

मुलगा तिच्या मागेच होता, ओठ फुटलेला. तिच्या बाजूने भांडला होता, एवढं तरी मला मिळालं.

मी तिला सगळं सांगितलं. जेवढं त्या वयाला झेपेल त्याहून जास्तच सांगितलं, कारण अर्धवट सांगायला मला येत नाही. वेणी काढून दाखवली. तिने ती स्वतःच्या हनुवटीला लावून बघितली. मामंजी कोपऱ्यात बसून ऐकत होते.

"म्हणजे तुम्ही मला उचललं," ती म्हणाली, "पण त्यांनी जव उचलले नाहीत."

"नाही."

"मग सौदा पुरा कुठे झाला? मी अजून त्यांचीच."

हौदाच्या घरात वाढलेल्या पोरीला मी काय शिकवणार होते? नियम तिने बरोबर सांगितला होता.

"कोणी उचलेपर्यंत?" तिने विचारलं.

"त्यांच्यातलं कोणी उचलेपर्यंत," मामंजी म्हणाले. कितीतरी दिवसांनी बोलले.

पुढच्या खेपेला ती आमच्याबरोबर आत आली. मी जुनी पोती काढली, नवी ठेवली. हातोड्यांना तेल लावलं. बाहेर यायला वळले, तर पोरगी आमच्याबरोबर नव्हती. ती हौदाला वळसा घालून रेघेच्या पलीकडे गेली होती, त्यांच्या दाराला पाठ लावून, आमच्याकडे तोंड करून उभी होती. तिथून आमच्याकडे बघणारं मी आजवर कोणी पाहिलं नव्हतं.

तिने पोत्याचं तोंड धरलं आणि ओढलं. ते तिच्याहून जड होतं. मी पुढे झाले तर मामंजींनी माझं मनगट धरलं. या वेळी हळू धरलं. तिने पाय हौदाला लावून, दात खाऊन ते रेघेवरून आपल्याकडे ओढून घेतलं. मग दुसरं. थोडे जव हौदात सांडले, तेही तिने मुठीत गोळा केले. मग धापा टाकत माझ्याकडे बघितलं.

"उचलले," ती म्हणाली. "आता मी तुझी."

मामंजी हौदाच्या कडेला टेकून खाली बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. मी तिला पोटाशी धरलं. तिच्या हनुवटीची लव माझ्या गळ्याला टोचत होती. त्यांच्यातल्या कोणीतरी येऊन ते जव उचलावेत, म्हणून मी इतकी वर्षं पोती बदलत आले होते. आज उचलले गेले, आणि उचलायला आली ती हीच, कारण त्यांच्यातलं दुसरं कोणी उरलंच नव्हतं.